रूळ, रस्ता आणि वारसांचा हक्क

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला भिडले आणि 1855 मध्ये हिंदुस्थानात प्राणघातक अपघात कायदा झाला. त्याआधीचा इंग्रजी न्यायाचा नियम असा होता, की जखमी माणूस नुकसानभरपाई मागू शकतो, पण तो मेला तर घरच्यांना काही मागता येत नाही. म्हणजे एखाद्याचा पाय तोडणाऱ्याला पैसे भरावे लागत, जीव घेणाऱ्याला नाही. रेल्वेच्या युगात हा नियम टिकणं शक्य नव्हतं. इंग्लंडने तो 1846 मध्ये बदलला आणि नऊ वर्षांनी त्याच धर्तीवर आपल्याकडे कायदा आला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस गेला तर त्याची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येऊ लागली. हा कायदा आजही जिवंत आहे, पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बहुतेक कुटुंबांना त्याच्या दारात जावं लागत नाही. मधल्या काळात रस्त्यासाठी वेगळा, रेल्वेसाठी वेगळा, कारखान्यासाठी वेगळा असे कायदे होत गेले. त्यांनी वारसांचं काम पुष्कळ सोपं केलं. त्यातूनच एक विषमताही जन्माला आली. घरावर कोसळलेलं संकट तेच असलं, तरी पदरात पडणारी रक्कम मृत्यू नेमका कुठे झाला यावर ठरू लागली. या विषमतेचं समर्थन करता येत नाही आणि ती दूर करण्याची वाट आपल्याच मोटार वाहन कायद्यात आखून ठेवलेली आहे, असं माझं म्हणणं आहे.

डोंबिवलीत राहणारा 32 वर्षांचा एक नोकरदार धरून चालू. कायम नोकरी, महिना 30,000 रुपये पगार, घरी पत्नी, दोन मुलं आणि म्हातारी आई. कल्याण-शिळ रस्त्यावर भरधाव ट्रकने त्याला उडवलं, तर त्याच्या वारसांची भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या दोन निकालांत ठरवून दिलं आहे. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराचं उत्पन्न पुढे वाढलंच असतं, म्हणून पगारात 50 टक्के मिळवायचे, की 45,000 होतात. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा, की घरासाठी 33,750 उरतात. वर्षाचे झाले 4,05,000. वय 31 ते 35 मध्ये असेल तर गुणक 16. गुणाकार येतो 64 लाख 80 हजार. त्यावर सहवासाला मुकल्याबद्दलची, अंत्यविधीची आणि मालमत्तेच्या हानीची ठरीव रक्कम, आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज. आता हाच माणूस, हाच पगार, हीच चार माणसं. फक्त तो ट्रकखाली न सापडता दिवा-मुंब्रा दरम्यान खच्चून भरलेल्या लोकलमधून पडला. भरपाई 8 लाख. एमआयडीसीतल्या कारखान्यात कामावर असताना गेला, तर 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या सूत्राने, पगार कितीही असला तरी 15,000 च्या मर्यादेत धरून, सुमारे 15 लाख 29 हजार. कळव्याला रूळ ओलांडताना गेला, तर रेल्वेकडून काहीही नाही. चारही वेळा मुलांच्या शाळेची फी तीच आणि घराचा हप्ताही तोच.

इतका फरक का पडतो, हे समजायला प्रत्येक कायदा कोणता प्रश्न विचारतो ते पाहायला हवं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विचारतं, की चूक कोणाची आणि कुटुंबाचं नुकसान किती. चूक फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, आरोपपत्र, प्रत्यक्षदर्शीची साक्ष यांतून शक्यतेचा तोल कुणीकडे झुकतो एवढं पाहिलं जातं. पैसे बहुधा वाहनाची विमा कंपनी भरते. चालकाकडे परवाना नसेल तर अनेकदा न्यायालय कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला आणि मग वाहनमालकाकडून वसूल करायला सांगतं. चूक सिद्ध करण्याची तयारी नसलेल्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने कलम 164 आणलं. त्यात चुकीची चर्चाच नाही, मृत्यूला 5 लाख ठरलेले. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर सरकारी निधीतून 2 लाख. म्हणजे इथे एक किमान रक्कम आहे आणि तिच्याऐवजी प्रत्यक्ष नुकसान मोजून मागण्याची मुभाही आहे. कोणाला मागता येतं, याची व्याख्याही 1855 पेक्षा रुंद झाली. जुन्या कायद्यात भाऊ नव्हता. मोटार अपघातात भावांना दावा करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच मान्य केलं. 2021 मध्ये जावयाच्या घरी राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या सासूलाही त्याच्या मृत्यूनंतर दावेदार मानलं. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. मृताच्या आयुर्विम्याचे पैसे घरात आले म्हणून भरपाईतून ते कापता येत नाहीत, हा निर्णय तर आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या दाव्यातूनच 1998 मध्ये आला. ही सगळी वाढ न्यायालयांनी एकाच दिशेने केली आहे. मेलेल्या माणसाकडे न पाहता त्याच्यावाचून उघड्या पडलेल्या घराकडे पाहा, असं ती सांगते.

रेल्वेचा कायदा वेगळा प्रश्न विचारतो. 1989 च्या रेल्वे कायद्यात 1994 मध्ये कलम 124 अ आलं. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. आत्महत्या, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार, एवढेच अपवाद. दारात उभं राहणं निष्काळजीपणाचं असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं धरता येणार नाही, वारसांनी शपथपत्र दिल्यावर पुढचा भार रेल्वेवर येतो, हे 2018 मध्ये सांगितलं. उपनगरी प्रवाशासाठी याहून उदार तत्त्व शोधून सापडणार नाही. अडचण रकमेची आहे. 1997 मध्ये ती 4 लाख झाली आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिली. 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख झाली. ती वाढवायला न्यायाधीश काही करू शकत नाही, कारण ती नियमाच्या परिशिष्टात बसवलेली आहे.

रकमेच्याही आधी एक ओळ आडवी येते. रुळांजवळ मृतदेह सापडला, की स्टेशन मास्तर मेमो देतो, लोहमार्ग पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. त्या मेमोत ‘गाडीतून पडून’ लिहिलं, की मृत व्यक्ती कायद्याने प्रवासी ठरते. ‘रूळ ओलांडताना’ लिहिलं, की ती कलम 147 खालची अतिक्रमणकर्ती ठरते आणि दावा जवळजवळ तिथेच कोलमडतो. पुष्कळदा हे शब्द लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काही पाहिलेलं नसतं. मृतदेह कोणत्या रुळाजवळ होता, तो रूळ कोणत्या दिशेच्या गाड्यांचा, जखमा धडकेच्या की पडण्याच्या, त्या वेळी कोणत्या मोटरमनने काही कळवलं होतं का, यावरून पुढे न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं वाद चालतो. घरची माणसं त्या पहिल्या काही तासांत ओळख पटवण्यात आणि अंत्यविधीच्या तयारीत असतात. पंचनाम्यातला मजकूर कोणी वाचून पाहत नाही. पास मृताच्या खिशात, मोबाइलवर काढला असेल तर फोनबरोबर चिरडलेला. पण मोबाइल क्रमांकावरून त्याची नोंद रेल्वेकडेच सापडू शकते आणि ती मागवता येते, हे वारसांना कोणी सांगत नाही. एका ओळीवर 8 लाख की शून्य हे ठरत असेल, तर ती ओळ लिहिताना कुटुंबातल्या कोणाची तरी सही आणि म्हणणं नोंदवणं सक्तीचं करायला हवं. हा बदल करायला संसदेत जावंही लागणार नाही.

दारात लटकणाऱ्याला पैसे देऊन आपण बेफिकिरीला प्रोत्साहन देतो, हा आक्षेप रेल्वेचे वकील वारंवार घेतात आणि पुष्कळ सामान्य माणसांनाही तो पटतो. तो खोडून काढायला 9 जून 2025 ची सकाळ पुरेशी आहे. मुंब्र्याजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारांत उभे असलेले प्रवासी खाली फेकले गेले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. सकाळी कामावर निघालेल्या गर्दीत दाराशी उभं राहणं ही निवड नसते. आत पाय ठेवायला जागा नसते आणि पुढची गाडीही तशीच येते. शिवाय आपली विधवा पत्नी 8 लाखांचा दावा लावू शकेल, असा हिशेब करून कोणी दारात उभं राहत नाही. भरपाईच्या रकमेने वागणूक बदलते ती प्रवाशाची नाही, रेल्वेची. वळणावर दोन रुळांमधलं अंतर किती, गाड्यांना बंद दारं कधी बसणार, जादा फेऱ्या कधी, हे निर्णय तिच्या हातात आहेत, आणि एका मृत्यूचा खर्च तिच्या हिशेबात 8 लाखांवर थांबतो. रूळ ओलांडण्याबाबत मात्र मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. तिथे माणूस स्वतःहून धोका पत्करतो, आणि तो प्रवासी नसताना गाडीखाली आला तर रेल्वेला बिनशर्त जबाबदार धरणं अवघड आहे. पण दिव्यासारख्या ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं फाटकातूनच ये-जा करत असतील, कळव्याला प्रवासी गाडीत जागा मिळावी म्हणून रुळांवरून कारशेडकडे चालत जात असतील आणि हे सगळं प्रशासनाच्या डोळ्यांसमोर होत असेल, तर सगळी चूक मेलेल्याची हा निष्कर्ष प्रामाणिक नाही. चुकीची वाटणी करून भरपाई कमी करण्याची रीत रस्त्यावरच्या दाव्यांत रोज वापरली जाते. तीच इथे वापरता येईल. आज एक तर पूर्ण रक्कम मिळते, नाही तर काहीच नाही.

कारखान्यांची गोष्ट डोंबिवलीने दोनदा पाहिली. 26 मे 2016 रोजी प्रोबेस एंटरप्रायजेसमधला स्फोट, आणि आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, अमुदान केमिकल्समधला. दुसऱ्या स्फोटात काही मृतदेह ओळखू येण्यापलीकडे गेले होते आणि नातेवाईकांना डीएनए चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागली. मृत्यूचा दाखला मिळाल्याशिवाय कोणताच दावा उभा राहत नाही, म्हणून ही वाट पाहणं दुहेरी असतं. अशा वेळी मुख्यमंत्री मदत जाहीर करतात. 2024 मध्ये मृतांच्या वारसांना 5 लाख जाहीर झाले. इथे एक घोटाळा होतो, तो स्पष्टपणे सांगायला हवा. ही मदत म्हणजे भरपाई नव्हे. ती सरकारच्या मर्जीची, सहानुभूतीपोटी दिलेली रक्कम असते, आणि ती स्वीकारल्याने मालकाविरुद्धचा हक्क संपत नाही. कामगाराचा पगार राज्य विमा योजनेच्या मर्यादेत असेल, तर वारसांना दरमहा निवृत्तिवेतनासारखा अवलंबितांचा लाभ मिळतो. नसेल, तर 1923 च्या कायद्याची एकरकमी भरपाई, जो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. कंत्राटदारामार्फत कामावर असलेल्या, परप्रांतातून आलेल्या मजुराचं नाव हजेरीपटावर नसतं तेव्हा यातलं काहीच आपोआप मिळत नाही. कायद्याने मुख्य मालकाला कंत्राटी कामगाराच्या भरपाईलाही जबाबदार धरलेलं आहे, पण हा माणूस इथेच कामाला होता हे सिद्ध करायला त्याच्याबरोबर काम करणारा कोणी तरी पुढे यावा लागतो. ज्याने पुढे यायचं, त्याची नोकरी त्याच मालकाकडे असते.

इमारतींच्या बाबतीत तर वारसांना थेट 1855 मध्ये परतावं लागतं. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. अशा मृत्यूसाठी ना वेगळं न्यायाधिकरण आहे, ना ठरलेली किमान रक्कम, ना विमा. दिवाणी दावा लावायचा, चूक सिद्ध करायची, तीही दोन वर्षांच्या मुदतीत, आणि जिंकल्यावर तुरुंगात असलेल्या किंवा मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून मोकळ्या झालेल्या बिल्डरकडून वसुली करायची. ज्या गरीब कुटुंबांनी स्वस्त म्हणून तिथे खोली घेतली होती, त्यांना ही वाट जवळजवळ बंदच आहे.

रस्त्यातल्या खड्ड्यांची अवस्था परवापर्यंत अशीच होती. 2018 च्या जुलैमध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी घसरली, मागे बसलेली महिला खाली पडली आणि बसच्या चाकाखाली आली. अशा प्रसंगात चूक कोणाची? बसची विमा कंपनी खड्ड्याकडे बोट दाखवू शकते, पालिका दुचाकीस्वाराकडे. मागे बसलेल्या व्यक्तीची स्वतःची चूक काही नसते, म्हणून अनेकांच्या चुकांतून मृत्यू झाला तर वारसांनी त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी आणि उरलेल्यांनी आपापसांत निस्तरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलेलं आहे. पण जिथे दुसरं वाहनच नाही, माणूस एकटाच खड्ड्यात पडून मेला, तिथे विमा कंपनीही नाही. ही पोकळी मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशाने काही अंशी भरली. खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणेने वारसांना 6 लाख द्यावेत आणि ती रक्कम जबाबदार कंत्राटदार वा अधिकाऱ्याकडून वसूल करावी. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हा त्यामागचा पाया. भरपाईचा बोजा शेवटी करदात्यावरच पडतो, या तक्रारीला या वसुलीहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. रेल्वेचे 8 लाख सर्वांना सारखे असतात. मोटार अपघातात मात्र 30,000 पगारवाल्याच्या घराला 64 लाख आणि नाक्यावरच्या मजुराच्या घराला त्याच्या अंशाने. मग समतेच्या दृष्टीने ठरीव रक्कमच बरी नाही का? या प्रश्नात तथ्य आहे. गुणकाची पद्धत मृत्यूकडे थांबलेलं उत्पन्न म्हणून पाहते, आणि ज्याच्या उत्पन्नाचा कागद नाही त्याला ती कमी लेखते. वडापावची गाडी चालवणाऱ्याला, रिक्षावाल्याला, घरी पोळ्या लाटून देणाऱ्या बाईला पगारपत्रक नसतं. मग न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास आकडा धरतं. गृहिणीचं तर उत्पन्नच नाही असं एके काळी मानलं जाई. जमशेदपूरच्या आगीच्या दाव्यात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं, आणि 2021 मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचं मूल्य मोजणं ही तिला दिलेली मान्यता आहे असं बजावलं. आकडा वाढायला हवा, यात वाद नाही. पण यावरचा उपाय सगळ्यांना खालच्या रकमेवर आणून ठेवणं हा नाही. कर्जाचा हप्ता, औषधं, मुलीचं कॉलेज या जबाबदाऱ्या त्या उत्पन्नाच्या भरवशावर घेतलेल्या असतात. 8 लाखांत त्या दोन-तीन वर्षंही निभत नाहीत. समता हवी ती किमान रकमेत, आणि ती किमान रक्कम महागाईबरोबर आपोआप वाढणारी हवी. प्रणय सेठी निकालाने सहवासाच्या 40,000 रुपयांना दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ लावली, तशी कलम 124 अ च्या 8 लाखांना लावायला काय हरकत आहे? आणि ज्या घराचं नुकसान त्याहून जास्त आहे, त्याला चूक सिद्ध करून ते मागण्याची मुभा हवी, रस्त्यावर आहे तशीच, मग मृत्यू फलाटावर झालेला असो, कारखान्यात की कोसळलेल्या इमारतीखाली.

हा बदल होईपर्यंत वारसांच्या हाती मुदत पाळणं तेवढं आहे, आणि इथेही कायद्यांत एकवाक्यता नाही. रेल्वे दावा न्यायाधिकरणात घटनेपासून एक वर्ष. 1855 च्या कायद्याखाली दोन वर्षं. मोटार अपघातासाठी असलेली मुदत 1994 मध्ये पूर्ण काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून अवघे सहा महिने झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं आहे. घरात सुतक फिटून, वर्षश्राद्ध होऊन मग वकिलाकडे जाऊ म्हणणाऱ्या कुटुंबाचा रेल्वेचा दावा काठावर आलेला असतो आणि रस्त्याचा अर्ज वादात सापडलेला असतो. अपघात नाशिक रस्त्यावर झाला तरी अर्ज कुटुंब राहतं त्या हद्दीत, म्हणजे ठाण्यातही करता येतो. रक्कम मंजूर झाल्यावर अज्ञान मुलांचा वाटा बँकेत मुदत ठेवीत जातो आणि ती सज्ञान होईपर्यंत न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही. मधल्या काळात फीसाठी किंवा आजारपणासाठी पैसे लागले, तर आईला कारण आणि कागद जोडून अर्ज करता येतो.